बुवांची फणी

रोज दुपारी अडीचच्या सुमारास आमच्या घरी वेणीफणी होते. ज्यांची होते ते गृहस्थ वजनाने पावणेपाच किलो, रंगाने राखाडी आणि स्वभावाने इतके शांत आहेत, की दारावरची घंटा वाजली तरी एक कान हलवण्यापलीकडे ते तिची दखल घेत नाहीत. त्यांचे नाव बुवा. जातीने ते पर्शियन बोके. कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी बुवांनी श्रोत्यांवरून एकवार गंभीर नजर फिरवावी, तसा त्यांचा चेहरा. म्हणून हे नाव. फणी माझ्या सासूबाईंच्या हातात असते. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत, आणि चार वर्षांपूर्वी कोणी मला सांगितले असते, की त्या मांजर मांडीवर घेऊन बसतील, तर मी ती थट्टा समजले असते.

आमच्या पुण्यातल्या इमारतीत आज अशी तीन पर्शियन मांजरे आहेत. दिवाळीच्या सुमारास मुलांचे हट्ट वाढतात, हातात बोनसचे पैसे असतात, आणि मऊ लोकरीच्या गुंड्यासारखे पिल्लू फोनच्या पडद्यावर दिसले की भल्याभल्यांचा निश्चय डळमळतो. आमचाही डळमळला होता. त्याची किंमत आम्ही जी मोजली, ती इतरांना मोजावी लागू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

एक चुकलेला पाडवा

२०२१ सालच्या दिवाळीतली गोष्ट. टाळेबंदीच्या काळात मुलगी घरात एकटी पडली होती. मांजर हवे, मांजर हवे, हा जप वर्षभर ऐकल्यावर यजमानांनी फोनवर एका विक्रेत्याला गाठले. पाडव्याच्या संध्याकाळी एक तरुण दुचाकीवरून आला आणि रस्त्यातच पुठ्ठ्याचे खोके आमच्या हातात देऊन, पैसे मोजून निघून गेला. आत पांढरेशुभ्र पिल्लू होते. "दोन महिन्यांचं आहे, लस झालेली आहे," असे तो म्हणाला. कागद मागितला तेव्हा "उद्या पाठवतो" असे उत्तर मिळाले. तो उद्या अजून उगवायचा आहे.

मुलीने पिल्लाचे नाव बर्फी ठेवले. भाऊबीज मोठ्या आनंदात गेली. पाचव्या दिवशी बर्फीने खाणे सोडले. मग उलट्या, मग जुलाब. डॉक्टरबाईंनी तोंड उघडून पाहिले आणि म्हणाल्या, "मागचे दुधाचे दात अजून फुटायचे आहेत. हे पिल्लू सहा आठवड्यांचंसुद्धा नाही." रोग होता पॅनल्युकोपेनिया. कुत्र्यांच्या पार्व्होचा हा सख्खा भाऊ. तो आतडी सोलवटतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा करतो, आणि लहान पिल्लाला सावरायला वेळच देत नाही. सलाईन लावले, रात्री जागवल्या. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी बर्फी गेली.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने रडून झाल्यावर मला विचारले, "आई, आपण तिला तिच्या आईजवळच ठेवलं असतं तर ती जगली असती का गं?" वर्गात साठ विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना मी उत्तरे देते. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आमच्या मराठीच्या वर्गात भक्तीचे प्रकार शिकवताना मर्कटन्याय आणि मार्जारन्याय येतात. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते. मांजराचे पिल्लू मात्र काहीच करत नाही, आई त्याला मानगुटीला धरून नेईल तिकडे जाते. संपूर्ण शरणागतीचा तो दृष्टान्त. इतकी वर्षे मी तो भक्ताच्या बाजूने समजावून सांगत होते. ज्याने पिल्लू उचलले त्याच्यावर काय जबाबदारी येते, हा त्याचा दुसरा अर्धा भाग मला त्या तुळशीच्या लग्नाला कळला.

जात म्हणजे काय?

डॉक्टरबाईंनी सांगितले, की या रोगाचे विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरतात. तोवर लस न टोचलेले दुसरे पिल्लू आणू नका. त्या सक्तीच्या वर्षात मी वाचन केले. ते आधी करायला हवे होते, हे उघडच आहे.

पर्शियन मांजराची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाच्या रोमच्या प्रवाशाने १६२० साली इस्फहानहून लिहिलेल्या पत्रात खोरासान प्रांतातल्या लांब, रेशमी, राखी केसांच्या मांजरांचे वर्णन केले आणि त्यांच्या काही जोड्या मायदेशी नेण्याचा मनोदय लिहिला. हाच प्रवासी पुढे १६२३ साली सुरतेला उतरला आणि तिथून गोव्याला गेला. पुढे इंग्लंडात या मांजरांचे मोठे कौतुक झाले. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वियर यांनी मांजरांचे जे प्रसिद्ध प्रदर्शन भरवले, त्यात पर्शियन मांजरे होती. व्हिक्टोरिया राणीने ती पाळली, आणि रुग्णसेवेच्या आद्य पुरस्कर्त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या घरी तर त्यांचा मेळाच असे.

गंमत अशी, की २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात आजची पर्शियन मांजरे पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या जवळची निघाली. म्हणजे नाव इराणचे आणि घडण युरोपची. मधल्या काळात माणसाने आपल्या आवडीप्रमाणे निवड करीत करीत तिचे रूपच पालटले.

लांब केस दिसले म्हणजे पर्शियन, हा समज मात्र सोडून द्यावा. लांब केसांचा गुण आई आणि बाप या दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून पर्शियन बोका आणि आपली घरगुती मांजरी यांची पिल्ले बहुधा आखूड केसांची होतात. उलट दोन आखूड केसांच्या मांजरांत तो गुण दडलेला असेल, तर त्यांच्या पोटी एखादे झुबकेदार पिल्लू जन्मू शकते. त्याला पर्शियन म्हणून खपवणे अवघड नाही. वास्तविक असे पिल्लू प्रेमाला तितकेच पात्र असते. फक्त त्यासाठी पर्शियनचे पैसे मोजू नयेत.

निवड करताना

आपल्याकडच्या बाजारात चेहऱ्यावरून तीन नावे ऐकू येतात : डॉल फेस, सेमी पंच आणि पंच फेस. नाक जितके आत दबलेले तितकी किंमत चढी, असा हा उफराटा हिशोब आहे. नाक दबले की श्वासाची वाट अरुंद होते, डोळ्यांतले पाणी नाकात उतरायचे ते गालावर वाहते, दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. मांजर श्वासावाटेही उष्णता बाहेर टाकते. तीच वाट अडली तर आपल्याकडचा एप्रिल त्याला भारी जातो. म्हणून ज्याचे नाक नाकासारखे दिसते, ते डॉल फेस पिल्लू पसंत करावे. लग्नाच्या बाजारात नाकावरून होणाऱ्या निवडीला आपण हसतो. इथे मात्र नाक अवश्य पाहावे.

पिल्लू त्याच्या आईजवळ जाऊन पाहावे, हा माझा पहिला आग्रह. आई दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून काही घेऊ नये. आई स्वच्छ, धीट आणि माणसाळलेली असेल, तर पिल्लूही बहुधा तसेच निघते. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडूच नये. बारा आठवडे थांबता आले तर उत्तम. चावताना किती जोर लावायचा, नखे केव्हा आत घ्यायची, माती कुठे उकरायची, हे शिक्षण त्याला आई आणि भावंडे देतात. आपण पुढे कितीही कौतुक केले, तरी ते भरून निघत नाही.

पिल्लाचे डोळे लख्ख असावेत, नाकपुड्या मोकळ्या असाव्यात, कानात काळी घाण नसावी, केसांत वाटोळे टक्कल नसावे. पांढऱ्या मांजराचे दोन्ही डोळे निळे असतील, तर ते बहिरे असण्याचा संभव बराच असतो. त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून पाहावी. लसीचे पुस्तक मागावे, आणि त्यात बाटलीवरचे लेबल चिकटवलेले व डॉक्टरांची सही आहे ना, ते पाहावे. तिहेरी लस साधारणपणे आठव्या आठवड्याला सुरू होते, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचतात, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस देतात.

एक गोष्ट मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पर्शियन कुळात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोग आहे. त्याला पीकेडी म्हणतात. आई-बापांपैकी एकात जरी दोष असला, तरी सरासरीने निम्म्या पिल्लांत तो उतरतो. गाठी जन्मापासून असतात, वर्षानुवर्षे वाढत जातात, आणि मांजर सहा-सात वर्षांचे झाले की पुष्कळदा मूत्रपिंडे थकू लागतात. त्यामागचा जनुकातला बदल २००४ साली सापडला, तेव्हापासून गालाच्या आतून पुसून घेतलेल्या नमुन्यावर त्याची चाचणी होते. पिल्लाच्या आईबापांची ही चाचणी झाली आहे का, असे विचारणारे गिऱ्हाईक वाढले, तर विकणाऱ्यांना ती करावी लागेल.

बुवांचे आगमन

आमच्याकडे बुवा आले ते २०२३ साली, तीन वर्षांचे होऊन. एक कुटुंब परदेशी चालले होते. बोका नेणे जमत नव्हते. आम्ही पाहायला गेलो तेव्हा ते कपाटाखाली बसले होते. काखेत, पोटाखाली आणि कानांमागे केसांच्या जटा झाल्या होत्या. ओढ बसून कातडी लाल पडली होती. हौसेने आणलेले मांजर घरातल्या कोणाच्याच वेळापत्रकात बसले नव्हते. डॉक्टरबाईंनी यंत्राने सगळे केस उतरवले. बुवा घरी आले ते संन्याशासारखे मुंडन होऊन.

पिल्लूच हवे, या हट्टापायी अशा मोठ्या मांजरांकडे आपण पाहत नाही. खरे तर त्यांचा स्वभाव, आवाज, सवयी सगळे आधी कळते. निर्बीजीकरण झालेला वयस्क बोका म्हणजे तर शांतताप्रिय भाडेकरूच.

संकट उभे राहिले ते जेवणाचे. आमचे घर कट्टर शाकाहारी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावले, "मांजर राहू दे, पण माझ्या स्वयंपाकघरात मांस शिजणार नाही." आणि माझ्या नकळत त्या बुवांना दूधभात घालू लागल्या. चार दिवसांत जुलाब सुरू झाले. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. आपल्या गोष्टींतले दुधावर टपलेले मांजर दूध आवडते म्हणून पिते, मानवते म्हणून नव्हे. शिवाय मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य मांसातूनच मिळते. त्याची उणीव झाली तर दृष्टी जाते, हे १९७५ साली, आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात, हे १९८७ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. गाजरातून आपण अ जीवनसत्त्व तयार करतो. मांजराला तेही साधत नाही.

डॉक्टरबाईंनी हे सगळे सासूबाईंना समोर बसवून समजावले. त्या घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याचा धर्म त्याला, माझा मला. दूधभात घालून त्याला आंधळा केला, तर ते पाप कोणाच्या माथी?" तेव्हापासून बुवांचे तयार बंद पाकिटातले खाणे मागच्या बाल्कनीतल्या कपाटात असते, त्यांची ताटली वेगळी धुतली जाते, आणि ते खाते यजमान सांभाळतात. मांसाहारी घरांनी उकडलेली कोंबडी जरूर द्यावी, पण रश्शातली नव्हे; कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. नुसत्या कोंबडीवरही मांजराचे पूर्ण पोषण होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

फणी, पाणी आणि पाऊस

पर्शियन मांजराची खरी किंमत रोजच्या पंधरा मिनिटांत असते. दोन पोलादी फण्या लागतात, एक विरळ दातांची, एक दाट दातांची. आधी विरळ फणीने टोकांकडून मुळांकडे जावे, आपण लांब केसांचा गुंता सोडवतो तसेच. काखा, पोट, कानांमागचा भाग आणि शेपटीखालची जागा विसरू नये. गुंता कात्रीने कापू नये. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, ती केसांबरोबर वर येते आणि कापली जाते. डोळ्यांतले पाणी रोज कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसावे, दोन डोळ्यांना दोन वेगळे बोळे घ्यावेत.

आंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरे. मात्र केस मुळापर्यंत वाळले पाहिजेत. दमट केसांत गजकर्ण होते. पर्शियन मांजरांना ते लवकर धरते, आणि मांजरापासून ते मुलांनाही लागते. पावसाळ्यात वाटोळा केस गेलेला डाग दिसला, तर घरगुती मलम न चोळता सरळ डॉक्टर गाठावा.

विधीसाठी उथळ, रुंद तसराळ्यात बाजारात मिळणारी लिटरची माती घालून ती रोज साफ करावी. घरात कोणी गरोदर असेल, तर हे काम दुसऱ्याने करावे; मांजराला हाकलण्याचे कारण नाही. खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी हवीच. आमच्या तिसऱ्या मजल्यावर कबुतरे येतात, आणि बुवांसारख्या स्थितप्रज्ञाचाही कबुतर पाहून तोल जातो.

औषधांच्या बाबतीत एक इशारा. आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. फुलदाणीत ठेवायची मोठ्या तुतारीसारखी लिली तशीच घातक. तिचे परागकण अंगावर पडून चाटले गेले, तरी मूत्रपिंडे निकामी होतात.

दिवाळीत आणखी थोडी काळजी घ्यावी. जमिनीवरच्या पणत्या उंच जागी ठेवाव्यात, कारण झुबकेदार शेपटीला आपण कुठून फिरलो याचे भान नसते. रांगोळीचे रंग पंजांना लागून पोटात जातात. फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पलंगाखाली चादर घातलेले खोके ठेवावे. मांजर त्यात जाऊन बसले, तर त्याला बाहेर ओढू नये.

आणि पुढे

गेल्या वर्षी बुवांची सोनोग्राफी केली. दोन्ही मूत्रपिंडांत लहान लहान गाठी आहेत. डॉक्टरबाईंनी पडद्यावर त्या मोजून दाखवल्या. आज ते पाच वर्षांचे आहेत, रक्ताची तपासणी अजून चांगली येते. सहा महिन्यांनी पुन्हा करायची. पाणी भरपूर पोटात जावे म्हणून घरात चार ठिकाणी वाट्या भरून ठेवल्या आहेत आणि कोरड्या खाण्याबरोबर ओले खाणे सुरू केले आहे. पर्शियन मांजर एरवी बारा ते पंधरा वर्षे जगते. बुवांचे किती, ते आम्ही विचारले नाही.

मुलगी आता तेरा वर्षांची आहे. तिने दोन वर्षांपूर्वी केस कापून टाकले, तेव्हापासून सासूबाईंच्या हाताला वेणी घालायचे काम उरले नव्हते; आणि त्याच्या आदल्या वर्षी सासरे गेल्यापासून त्यांचे दुपारचे बोलणेही थांबले होते. मुंडन केलेल्या बुवांना पहिले बोटभर केस आले, त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली फणी घेतली आणि म्हणाल्या, "तू ओढतेस. अशी धर." ती त्यांनी परत दिलेली नाही. विंचरताना त्या बुवांशी बोलतात. पुष्कळदा ते सासऱ्यांविषयीच असते. सोनोग्राफीचा निकाल सांगितला, तेव्हा त्यांनी थोडा वेळ फणी थांबवली आणि विचारले, "आज दुखतंय का त्याला?" नाही म्हटल्यावर त्या पुन्हा विंचरू लागल्या.

वाचकांपैकी कोणी येत्या पाडव्याला मांजर आणायच्या बेतात असतील, तर त्यांनी आधी घरातल्या मंडळींना एकत्र बसवून एकच प्रश्न विचारावा : पुढची पंधरा वर्षे रोजची पंधरा मिनिटे कोण देणार? नाव पुढे आले, तर पिल्लाची आई पाहायला जावे. नाव पुढे आले नाही, तर मुलांना आकाशकंदील आणावा. तोही घरात शोभतो, आणि तुळशीच्या लग्नानंतर उतरवून ठेवता येतो.

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मुलीने बुवांच्या पुढच्या तपासणीची तारीख लाल शाईने लिहिली आहे. तिच्याखाली सासूबाईंच्या हातचे आणखी एक टिपण आहे : "नवी फणी आणणे. जुनीचे दोन दात वाकले."